शेवटी राहायला आलेलं माणूस

"राहायला आलात की पाहुण्या?"

दारातल्या म्हाताऱ्याने चप्पल काढायच्या आधीच विचारलं. पांढरा लेंगा, काळा कोट, काखेत वही आणि कानावर पेन्सिल. मी सुपात गहू निवडत बसले होते.

"पाहुणी," मी म्हटलं.

"राहायला," आतून मावशी म्हणाली.

कानावरून निघालेली पेन्सिल पुन्हा कानावर गेली. "दोघींनी मिळून एक काय ते ठरवा. मी पुढच्या शनिवारी येतो. मला नाव पक्कं लागतं." आणि चहाला नको म्हणून ते निघूनही गेले. हे शांतवन गुरुजी. मिशन शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले आणि निवृत्त झालोय हे साफ विसरलेले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि बोरसरला येऊन मला अकरा दिवस झाले होते. १९८६ सालचा डिसेंबर. बोरसर नगर जिल्ह्यातलं, गाव म्हणावं तर मोठं आणि शहर म्हटलं तर हसू येईल असं. मध्यभागी काळ्या दगडाचं चर्च, मागे मिशनचा दवाखाना, समोर चौक आणि चौकाला चिकटून आमच्या लोकांची ख्रिस्तवाडी. एस्तेरमावशी, माझ्या आईची थोरली बहीण, त्या दवाखान्यात नर्स होती. बोरसरमधल्या निम्म्या लोकांना जन्मल्याबरोबर पहिली चापट तिने मारलेली, त्यामुळे गावात तिला उलट बोलणारं कुणी नव्हतं.

नाताळाच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी बोरसरमध्ये दिवे लागतात. चर्चच्या मनोऱ्यावर चांदणी, चौकातल्या लिंबावर माळा आणि तिथून भाजीबाजारापर्यंत दोन्ही बाजूंना रंगीत बल्ब. त्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत ख्रिस्तवाडीत कुणी घरात दिवा लावत नाही. आणि चौकातल्या दिव्यांचा खटका ओढायचा मान नगराध्यक्षांना नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही, वर्गणी सगळ्यात जास्त देणाऱ्यालाही नाही. तो मिळतो त्या वर्षी गावात सगळ्यात शेवटी राहायला आलेल्या माणसाला.

पाळकसाहेब त्याचा संबंध बेथलेहेमच्या धर्मशाळेत जागा न मिळालेल्या जोडप्याशी जोडून सुंदर उपदेश करत. खरी गोष्ट मावशीने मला सांगितली ती वेगळी होती. गावात वीज आली त्या वर्षी खटका कुणी ओढायचा यावरून साळवे आणि रणभिसे या दोन घराण्यांत अशी जुंपली, की शेवटी वैतागून तेव्हाच्या पाळकांनी नुकतंच बिऱ्हाड घेऊन आलेल्या एका कासाराला धरून आणलं आणि त्याच्याकडून दिवे लावून घेतले. पुढच्या वर्षी तोच तोडगा. मग त्याचा नियम झाला, आणि नियम झाला तसा तो शांतवन गुरुजींच्या ताब्यात गेला. पाहुणा चालत नाही. बदली होऊन आलेला चालतो. गावात बिऱ्हाड हवं. त्या रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत जो राहायला येईल तो धरायचा, म्हणून गुरुजी त्या दिवशी जेवून एसटी स्टँडवर जाऊन बसत.

यात माझं घोडं कुठे अडत होतं ते सांगते. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. नवरा, विनय अमोलिक, सोलापुरात एका कचेरीत होता. दिसायला देखणा, बोलायला गोड. त्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. तो फक्त कामावर जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावत असे. सकाळी साडेनऊला लावायचं, संध्याकाळी सहाला काढायचं. पहिल्यांदा म्हणाला, शेजार चांगला नाही. मग म्हणाला, तुला चक्कर येते, रस्त्यात पडलीस तर? मग काहीच म्हणेनासा झाला, आणि मीही विचारेनाशी झाले. भावाला एकदा सांगितलं, तर तो म्हणाला, "काळजी करतो ना? मग?" त्यावर काय बोलायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी तो कुलूप लावायला विसरला. मी अर्धा तास त्या दाराकडे नुसती बघत बसले. मग पर्स घेतली, अंगावरच्या साडीनिशी स्टँडवर गेले आणि बोरसरच्या गाडीत बसले. मावशीला मी एका वाक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी जेव."

गावाला मात्र आम्ही सांगितलं होतं की तब्येत बरी नाही, हवापालटाला आलेय. आणि आता हे गुरुजी मला लाउडस्पीकरवरून बोरसरची रहिवासी जाहीर करायला निघाले होते. एकदा ते नाव चौकात पुकारलं की मी नवरा सोडून आले हे दोन हजार माणसांना कळणार.

"मावशी, माझं नाव नको गं."

"का?"

"मी अजून ठरवलं नाही."

"मग ठरव," मावशी म्हणाली आणि गव्हाचं सूप माझ्या हातातून घेऊन स्वतः निवडायला बसली. "किती खडे राहिलेत बघ. डोळे कुठे असतात तुझे?"

मी इथेच असणार हे ओळखून विनयची पत्रं येत होती. तीन आली. थंडी फार आहे, स्वेटर घालत जा. तुझ्याशिवाय घर खायला उठतं. मी काही चुकलो असेन तर माफ कर. अक्षर मोत्यासारखं. ती पत्रं वाचली की मला वाटायचं, मीच वेडी. असं लिहिणारा माणूस वाईट कसा असेल? आणि मग सकाळी साडेनऊनंतरची ती शांतता आठवायची, खिडकीतून दिसणारी समोरच्या गोडाऊनची भिंत आठवायची. माझं असं रोज दिवसातून चार वेळा व्हायचं. मावशी पत्रं वाचून घडी घालून ठेवायची आणि म्हणायची, "अक्षर चांगलं आहे."

शनिवारी गुरुजी आले तेव्हा मी मोरीत कपडे धूत होते. मावशीने परस्पर सांगून टाकलं, "लिहा. हेमलता अमोलिक, मुक्काम माझं घर." मी ओल्या हातांनी बाहेर येईपर्यंत त्यांनी लिहिलंही होतं. वर तारीख टाकून खाली रेघ मारली होती. गुरुजींनी रेघ मारली की विषय संपला.

मी रागावले. पण त्याच दुपारी सिकंदर वायरमन बोलवायला आला, की ताई, खटका एकदा बघून घ्या. नगरपालिकेचा वायरमन, साठीला आलेला, आणि वीस-बावीस वर्षं त्या दिव्यांची सगळी मांडणी त्याच्याच हातची. चर्चच्या पायऱ्यांवर त्याने लाकडी फळी उभी केली होती. तिच्यावर जुना लोखंडी मेन स्विच, बाजूला मोठा दांडा.

"हा असा वर ढकलायचा, ताई. दम लावून. अर्ध्यात सोडायचा नाय, ठिणगी उडती. मागच्या साली बँकेचे मॅनेजर अर्ध्यात सोडून पळाले."

"मग?"

"मग काय, तीन बल्ब गेले अन् त्यांची इज्जत गेली. वाहून गेली म्हना. आता बदली मागून गेले."

वीज बंद होती. त्याने मला दांडा चार वेळा वरखाली करायला लावला. जड होता. वर जाताना खाडकन आवाज व्हायचा आणि तो आवाज माझ्या हातातून खांद्यापर्यंत जायचा. पाचव्यांदा मी त्याने न सांगताच केला. चार वर्षांत एवढं मोठं, एवढ्या आवाजाचं काही माझ्या हाताने झालं नव्हतं. घरी येताना मी राग विसरले होते. त्या रात्री मावशीच्या पेटीतली मोरपंखी साडी मी बाहेर काढून इस्त्री केली.

रविवारी चारच्या गाडीने विनय आला.

मी अंगणात रांगोळीची फुलं काढत होते. फाटकाची कडी वाजली, मान वर केली तर हा. एका हातात मिठाईचा पुडा, दुसऱ्या हातात माझा लाल स्वेटर. "बघ," तो हसत म्हणाला, "थंडीत तशीच आलीस. विसरलीस ना?" माझ्या हातातली रांगोळी सांडली.

"कसं कळलं मी..." मी म्हटलं. पत्रं इथेच येत होती, म्हणजे ते त्याला ठाऊकच होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं.

"मावशींनी पत्र लिहिलं. रविवारी चारच्या गाडीने या म्हणून. मग कसा थांबणार?"

मी दाराकडे वळून पाहिलं. मावशी पदराला हात पुसत उभी होती. "या, जावईबापू. गाडी वेळेवर आली म्हणायची."

आयुष्यात मला अनेक गोष्टींचं वाईट वाटलं आहे. पण त्या वेळी जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. एकच घर उरलं होतं आणि त्या घरानेच मला पत्ता घालून परत पाठवायचं ठरवलं होतं. आणि वर शिरा केला. साजूक तुपातला, बेदाणे घालून.

विनय खुर्चीत बसून शिरा खात होता. "मावशी, हाताला काय चव आहे तुमच्या. हिला शिकवा जरा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हिची तब्येत नाजूक हो. मनानेही जरा हळवी आहे. कुणी दार वाजवलं तरी दचकते. म्हणून मी बाहेरून बंद करून जायचो. तिचा त्याने गैरसमज झाला असेल."

"काळजी करणारा नवरा मिळायला नशीब लागतं," मावशी म्हणाली. "आणखी घ्या."

"सकाळी सहाची गाडी आहे. त्याने निघू म्हणतो."

"बरं होईल."

मी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होते. नाही म्हणायचं होतं. पण ते तोंडाबाहेर पडेना. त्याच्यासमोर मला नेहमीच असं व्हायचं. तो बोलायचा आणि माझं बोलणं आतल्या आत विरघळून जायचं.

एवढ्यात फाटकाशी गुरुजी. घामाघूम. स्टँडवरून जवळजवळ पळतच आलेले दिसत होते. वही उघडून त्यांनी चष्मा लावला.

"एस्तेरबाई, घोटाळा झाला. मघाशी गाडीतून उतरताना मी यांना विचारलं, राहायला आलात की पाहुणे. हे म्हणाले, राहायला."

"गंमत केली हो मी," विनय हसून म्हणाला. "म्हटलं, बायको हलेल तेव्हा हलायचं, म्हणजे राहायलाच की."

"चार वाजून दहा मिनिटं. पाचच्या आत. साक्षीला एसटीचा कंट्रोलर होता." गुरुजींचा चेहरा पडला होता, पण आवाज ढळला नाही. "नियमाने आता शेवटचे हे. हेमलताबाई दुसऱ्या नंबरवर गेल्या. खटका यांनी ओढायचा."

विनयला सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो खूश झाला. चार लोकांत पुढे व्हायला त्याला नेहमीच आवडायचं. "अरे वा. सासुरवाडीत एवढा मान? हेमा, कोट जरा झटकून दे."

मी कोट झटकून दिला. झटकताना मला कळलं, की मला तो खटका हवा होता. फार हवा होता. काल दुपारपासून मी त्या जड दांड्याचाच विचार करत होते. आता तोही याच्या हातात जाणार, आणि सकाळी सहाच्या गाडीने मीही. खिडकीतून दिसलं, मावशी गुरुजींना पोचवायला फाटकापर्यंत गेली होती आणि दोघं बराच वेळ हातवारे करत बोलत होती. गुरुजी मान हलवून नाही नाही म्हणत होते, मावशी त्यांच्या वहीवर बोट आपटत होती. मला वाटलं, जावयाला हार कुणी घालायचा यावर चाललं असेल.

सातला पाच कमी असताना चौक भरून गेला होता. ख्रिस्तवाडीत काळोख. लिंबाखाली दोन गॅसबत्त्या तेवढ्या होत्या. मुलांनी गाणं म्हटलं, पाळकसाहेबांनी धर्मशाळेचा उपदेश केला, नगराध्यक्ष दोन शब्द म्हणून बारा मिनिटं बोलले. मी मोरपंखी साडी नेसून मावशीशेजारी पहिल्या रांगेत उभी होते.

गुरुजींनी माइक हातात घेतला. विनय पायऱ्या चढून फळीजवळ जाऊन उभा राहिला. हात जोडून त्याने चारी दिशांना नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरेख दिसत होता, हे मला आजही कबूल करावं लागतं.

"वहीत नोंद करायची म्हणून विचारतो," गुरुजी म्हणाले. लिंबाच्या फांदीवरच्या कर्ण्यातून ते सगळ्या गावाला ऐकू जात होतं. "नाव?"

"विनय अमोलिक."

"कुठून आलात?"

"सोलापूर."

"बोरसरमध्ये किती दिवस राहणार?"

विनय हसला. माइककडे झुकून म्हणाला, "राहतो कसला, गुरुजी. उद्या सकाळच्या सहाच्या गाडीने जाणार. माझ्या बायकोला घेऊन."

लोकांत कुजबुज झाली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला तर वाटलं, की त्यांचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे तुम्ही पाहुणे."

"तसंच म्हणा."

"मग खटका तुम्हाला ओढता येणार नाही. पाहुण्यांना खुर्ची." त्यांनी हात केला आणि चर्चच्या पंचकमिटीच्या दोघांनी विनयला मोठ्या आदराने नगराध्यक्षांशेजारी नेऊन बसवलं, गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला. हार घातलेल्या माणसाला चिडता येत नाही. विनय हसतच राहिला.

"वहीतलं पुढचं नाव. हेमलता अमोलिक. बाई, वर या."

मी कशी चढले ते आठवत नाही. पाच पायऱ्या होत्या. माझा हात धरायला सिकंदर दोन पायऱ्या खाली आला होता, एवढं आठवतं.

"तीही पाहुणीच, गुरुजी," विनय खुर्चीतून म्हणाला. आवाज गोडच. "उद्या माझ्याबरोबर येतेय ती. मी सांगितलं ना."

"तुमचं तुम्ही सांगितलंत," गुरुजी म्हणाले. "त्यांचं त्यांना विचारू." आणि त्यांनी माइक माझ्यासमोर धरला. "बाई, बोरसरमध्ये किती दिवस राहणार?"

मी विनयकडे पाहिलं. त्याने मान किंचित हलवली. घरी चारचौघांत मला गप्प करायला तो हलवायचा तेवढीच, दुसऱ्या कुणाला दिसायची नाही. मी मावशीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. शालीचा एक धागा निघाला होता, तो बोटाला गुंडाळत खाली मान घालून उभी होती. समोर दोन हजार माणसं. सगळी गप्प. दिवे लागायला उशीर होतोय म्हणून एकही माणूस ओरडलं नाही. एवढ्या लोकांनी माझं उत्तर ऐकायला थांबावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"कायमची," मी म्हटलं.

कर्ण्यातून तो शब्द एवढा मोठा निघाला की मीच दचकले. तो लिंबावरून निघाला आणि भाजीबाजारापर्यंत गेला. गुरुजींनी माइक काढून घेतला, वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल कानावर ठेवली. "झालं. ओढा."

मी दांडा धरला. तो हलेना. "दम लावा ताई," सिकंदर हळूच म्हणाला, "अर्ध्यात सोडू नका." मी दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग लावून वर ढकलला.

मनोऱ्यावरची चांदणी लागली. मग लिंब लागला, मग बाजाराकडे दोन्ही बाजूंनी एकेक करत माळा पेटत गेल्या, आणि मग ख्रिस्तवाडीतल्या घराघरांतले दिवे, कारण सगळी माणसं खटक्याचीच वाट बघत अंधारात थांबलेली. मी रडत होते. लोकांना वाटलं, नवीन बाई आहे, भारावली. भारावले होतेच.

विनय पायऱ्यांपाशी येऊन म्हणाला, "घरी चल. घरी बोलू." पण घरी जायला वाटच नव्हती. खटका ओढणाऱ्याला त्या संध्याकाळी ख्रिस्तवाडीत घरोघर चहाला नेतात. बायकांनी मला अक्षरशः उचलून नेलं. एक म्हणाली, स्टोव्ह आहे का, माझ्याकडे जास्तीचा आहे. दुसरी म्हणाली, मिशनच्या वसतिगृहात मेट्रनची जागा रिकामी आहे, उद्याच ये. सहा घरं झाली तोवर मला कळलं, की पाहुण्यांना सन्मानाने पोचवायची पद्धत असल्यामुळे गुरुजी, सिकंदर आणि पंचकमिटीचे चौघं विनयला साडेआठच्या सोलापूर गाडीवर घेऊन गेलेत. खिडकीजवळची जागा धरून ठेवलेली होती. हार गळ्यातच होता म्हणे.

सकाळी सहाची गाडी चौकातून वळली तेव्हा मी जागीच होते. मावशी स्टोव्हपुढे बसून चहा करत होती. रात्री आम्ही दोघी थकून तशाच झोपलो होतो. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"तू त्याला का बोलावलंस?"

"तो येणारच होता गं. आज ना उद्या. मी बाजाराला गेले असताना भर दुपारी येऊन उभा राहिला असता, तर?" तिने आल्याचा तुकडा ठेचून टाकला. "म्हणून म्हटलं, यायचंय तर सगळं गाव जमलेलं असताना येऊ दे. गुरुजींना मी आठ दिवस आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तर तो मेला नियमाचा पुतळा. तुझ्या नवऱ्याने गमतीत राहायला आलो म्हटलं, तर यांनी खरंच लिहून घेतलं आणि तुलाच खाली ढकलली. फाटकाशी पाया पडायची पाळी आली माझी. शेवटी म्हटलं, नियम मोडू नका, पण नोंद करताना किती दिवस राहणार एवढं तरी विचाराल की नाही?"

"मग मला आधी का नाही सांगितलंस? मी काय काय मनात आणलं तुझ्याबद्दल."

"आणू दे की. घरात विचारलं असतं तर तू त्याला हो म्हणाली असतीस. चार वर्षं घरात हो म्हणायचीच सवय तुला."

ते खरं होतं.

"आणि तिथेही मी पाहुणीच म्हटलं असतं तर?"

"तर काय," मावशी चहा गाळत म्हणाली. "सहाच्या गाडीला मीही बसले असते. खाटेखाली बघ."

मी वाकून पाहिलं. खाटेखाली मावशीची खाकी पिशवी होती, नाडी आवळून बांधलेली. मी ती ओढून उघडली. चार लुगडी, रक्तदाबाच्या गोळ्यांची महिन्याची पाकिटं, चष्म्याचं घर, तिचं जाड बायबल, टॉवेलात गुंडाळलेला पितळी पेला. बोरसर सोडून तिने तीस वर्षांत एक रात्र कुठे काढली नव्हती.

"त्याच्या घरात राहायला?" मी विचारलं.

"तू राहणार तर मी राहणार. कोंडायचंच तर दोघींना कोंडू दे म्हणावं. बघू तरी किती दिवस कोंडतो." आणि तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "घे. गार होतोय."

आज या गोष्टीला जवळजवळ चाळीस वर्षं होतील. त्यातली सव्वीस मी वसतिगृहात मेट्रन होते, आणि मावशी तिच्या त्याच घरात, माझ्या हातांवर गेली. माझ्यासाठी पुढे अनेकांनी अनेक गोष्टी केल्या. पण माझं उत्तर काय येईल हे ठाऊक नसताना दोन्ही उत्तरांची तयारी करून ठेवणारं माणूस मला एकच मिळालं. त्या सकाळी मी चहा संपवला. लुगडी एकेक काढून कपाटात ठेवली, गोळ्या खिडकीत ठेवल्या, पेला मांडणीवर ठेवला, आणि रिकामी पिशवी मांडीवर घेऊन बसले.